जिनिंगमधील स्टॅटिक आयपी आणि स्वतःचा राउटर : हिंगणघाट तालुक्यातील एक प्रकरण

हिंगणघाट तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या जिनिंग-प्रेसिंगने ब्रॉडबँड कंपनीकडून स्टॅटिक आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) घेतला, त्यासाठी चांगल्या प्रतीचा राउटरही विकत आणला, आणि तरीही ज्या कामासाठी हा खर्च केला ते काम सुरू होईना. दसऱ्यानंतर कापसाची आवक सुरू होणार होती आणि त्याआधी ही व्यवस्था उभी राहणे आवश्यक होते. हे काम माझ्याकडे आल्यावर काय आढळले, कोणत्या क्रमाने ते सुटले आणि काय अजून राहिले आहे, त्याची ही नोंद आहे. ग्रामीण भागात आता फायबरची जोडणी बऱ्याच ठिकाणी पोहोचली आहे, पण स्टॅटिक आयपी घेणारे ग्राहक थोडे असल्यामुळे स्थानिक पातळीवर त्याची माहिती असणारा माणूस सहसा मिळत नाही. म्हणून ही नोंद जरा तपशिलात लिहीत आहे.

गरज काय होती

जिनिंगच्या कार्यालयातील संगणकावर वजनाचा आणि हिशेबाचा प्रोग्राम चालतो. कापसाची गाडी फाटकाजवळच्या काट्यावर भरलेली मोजली जाते, खाली झाल्यावर पुन्हा मोजली जाते, आणि त्या दोन वजनांच्या फरकावर काटापट्टी निघते. शेतकऱ्याचे पैसे त्या पट्टीवरून निघतात. कंपनीचे दुसरे खरेदी केंद्र काही अंतरावरच्या गावात असून तेथे फक्त मोबाइल सिमवर चालणारे इंटरनेट आहे. तेथील काटापट्ट्यांचे फोटो मोबाइलवर यायचे आणि दिवाणजी त्या रात्री बसून पुन्हा टाइप करायचे. एखादा आकडा इकडचा तिकडे झाला की शेतकऱ्याला पैशांसाठी खेप घालावी लागे, आणि ज्याने वर्षभर त्या पिकावर भरवसा ठेवला आहे त्याच्यासाठी ही बाब किरकोळ नसते. खरेदी केंद्रातून नोंद थेट जिनिंगच्या संगणकात व्हावी, नागपूरच्या हिशेब तपासनीसांना तोच हिशेब तेथून पाहता यावा आणि संचालकांना काट्यावरचे कॅमेरे बाहेरगावाहून दिसावेत, अशी तिहेरी अपेक्षा होती.

बाहेरून आत येण्यासाठी जिनिंगच्या जोडणीला जगातून दिसणारा, न बदलणारा पत्ता हवा. साध्या जोडणीवर तो आता क्वचितच मिळतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते आहेत. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि आशिया-प्रशांत विभागाकडचा मोकळा साठाही त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेवटच्या राखीव गटावर आला. तेव्हापासून इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. या कामासाठी २०१२ मध्ये १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा गट खास राखून ठेवण्यात आला. ग्राहकाच्या राउटरवर १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होणारा पत्ता दिसला, तर बाहेरून त्याच्यापर्यंत कोणीही पोहोचू शकत नाही, मग राउटर कितीही महाग असो.

काय बिघडले होते

ब्रॉडबँड कंपनीच्या पत्रात तीनच गोष्टी होत्या: खात्याचे नाव, पासवर्ड आणि एक पत्ता. तो पत्ता येथे २०३.०.११३.४६ असा लिहितो. हा खरा पत्ता नसून लेखनातील उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या गटातला आहे. दिवाणजींनी नव्या राउटरच्या पडद्यावर ‘स्टॅटिक आयपी’ हा पर्याय पाहिला, तो निवडला आणि पत्राप्रमाणे पत्ता भरला. सबनेट मास्क (पत्त्यांचा गट किती मोठा हे सांगणारा आकडा) आणि गेटवे (बाहेर जाण्याच्या वाटेवरच्या पुढच्या यंत्राचा पत्ता) यांच्या चौकटी रिकाम्या सोडता येत नव्हत्या, म्हणून दुकानदाराच्या सल्ल्याने २५५.२५५.२५५.० आणि २०३.०.११३.१ असे आकडे भरले गेले. “पत्ता त टाकला भाऊ, पण नेटच गेलं,” असे त्यांनी फोनवर सांगितले.

त्यांनी जे केले ते पडद्यावरच्या शब्दांशी सुसंगतच होते. अडचण अशी की राउटरवरचा तो पर्याय एका विशिष्ट प्रकारच्या जोडणीसाठी असतो. ज्या जोडणीत कंपनी पत्ता, मास्क, गेटवे आणि डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर) हे चारही आकडे ग्राहकाला लेखी देते, तेथेच ते हाताने भरायचे असतात. अशा जोडणीत बहुधा चार पत्त्यांचा छोटा गट असतो. त्याचा मास्क २५५.२५५.२५५.२५२ असतो, आणि पहिला व शेवटचा पत्ता वगळता उरलेल्या दोनांपैकी एक कंपनीच्या बाजूला तर एक ग्राहकाच्या बाजूला जातो. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाचा राउटर खात्याचे नाव आणि पासवर्ड वापरून पीपीपीओई पद्धतीने कंपनीच्या सर्व्हरशी सत्र जोडतो आणि सर्व्हर त्या खात्याला ठरलेला पत्ता स्वतःच देतो. येथे ग्राहकाने पत्ता कोठेही भरायचा नसतो. राउटरवर ‘पीपीपीओई’ निवडून ‘पत्ता आपोआप मिळवा’ हेच ठेवायचे असते. पत्ता स्टॅटिक आहे ही नोंद कंपनीच्या सर्व्हरवर खात्यापुढे असते, आणि ती तेथे नसेल तर राउटरमध्ये काहीही टाइप करून तो पत्ता आपला होत नाही.

पत्रात मास्क आणि गेटवे नव्हते, खात्याचे नाव आणि पासवर्ड मात्र होते. जोडणी कोणत्या प्रकारची आहे हे एवढ्यावरूनच ओळखता येते. तरीही मी ते गृहीत धरले नाही. कंपनीचे स्थानिक काम पाहणाऱ्या केबलचालकांकडून आणि नंतर कंपनीच्या तांत्रिक विभागाकडून ते लेखी मागवले. सोबत आणखी तीन गोष्टी विचारल्या: इंटरनेटसाठी कोणता व्हीलॅन क्रमांक (एकाच तारेवरील सेवा वेगळ्या ठेवणारा शिक्का) वापरला जातो, खाते एखाद्या उपकरणाच्या मॅक पत्त्याशी (कारखान्यातून मिळालेल्या ओळखक्रमांकाशी) बांधलेले आहे का, आणि ओएनटी (फायबरच्या टोकाला कंपनीने बसवलेले उपकरण) ब्रिज पद्धतीवर, म्हणजे राउटरचे काम न करता नुसता पूल म्हणून, ठेवण्यास कंपनीची हरकत आहे का. स्टॅटिक आयपीचे पैसे भरण्यापूर्वीच ही उत्तरे हातात असली, तर पुढचा बराच त्रास वाचतो असे माझे ठाम मत आहे.

दुसरा दोष वायरिंगमध्ये होता. कंपनीने दिलेले ओएनटी, ज्याला गावात सगळे मोडेमच म्हणतात, हे स्वतः राउटरचे कामही करत होते. पीपीपीओई सत्र तेच जोडत होते आणि आतल्या उपकरणांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटत होते. नवा राउटर त्याच्या मागे लावलेला होता. म्हणजे ज्या तारेवर नवा राउटर २०३.०.११३.१ या गेटवेला हाका मारत होता, त्या तारेवर त्या नावाचे कोणीच नव्हते. नव्या राउटरवर आपोआप पत्ता घेण्याची सोय ठेवली असती तर इंटरनेट चालले असते, पण एकामागे एक असे दोन वेळा पत्त्यांचे भाषांतर (आतल्या पत्त्याच्या जागी बाहेरचा पत्ता लावणे) झाले असते, आणि बाहेरून येणारी जोडणी पहिल्याच दाराशी अडली असती.

तिसरा दोष मात्र ग्राहकाच्या बाजूचा नव्हताच. ओएनटीच्या स्थितीदर्शक पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा होता. पैसे भरले होते, पत्र आले होते, पण सर्व्हरवरील खात्याला पत्ता जोडलेला नव्हता. ही गोष्ट सर्वांत आधी तपासायला हवी, कारण ती सुटल्याशिवाय पुढचे काहीही निष्फळ ठरते. त्या पानाचा फोटो जोडून लेखी तक्रार केली. कंपनीने नोंद दुरुस्त केल्याचे कळवल्यानंतरही तोच जुना पत्ता दिसत राहिला. पीपीपीओईमध्ये सत्र सुरू होताना पत्ता दिला जातो आणि सत्र चालू असेपर्यंत तो बदलत नाही. ओएनटीवरून सत्र तोडून पुन्हा जोडल्यावर २०३.०.११३.४६ दिसू लागला. यानंतरच नव्या राउटरकडे वळण्यात अर्थ होता.

ओएनटी ब्रिजवर ठेवणे

अनेकांना वाटते की स्वतःचा राउटर आला म्हणजे कंपनीचे ओएनटी काढून टाकता येईल. तसे करता येत नाही. काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश विजेच्या संकेतात बदलण्याचे काम ते करते, आणि कंपनीच्या बाजूच्या यंत्रावर त्याचा अनुक्रमांक नोंदलेला असतो. करायचे ते एवढेच की ओएनटीकडून राउटरचे काम काढून घ्यायचे आणि त्याला फक्त पूल म्हणून ठेवायचे.

कोणताही बदल करण्याआधी ओएनटीच्या प्रत्येक पानाचे फोटो घेतले. प्रकाशाची पातळी उणे २१ डीबीएमच्या (प्रकाशाच्या शक्तीचे माप) आसपास होती. या प्रकारच्या जोडणीत सर्वसाधारणपणे उणे २७ ही ओएनटीसाठी तळाची मर्यादा मानली जाते, त्यामुळे तंतूची बाजू ठीक होती. ही नोंद अशासाठी महत्त्वाची आहे की आपल्याकडे तंतू विजेच्या खांबांवरून लोंबत येतो आणि कापसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली खालून गेली की त्याला ओढ बसते. उद्या वेग कमी झाला तर दोष तंतूत आहे की राउटरमध्ये, हे या आकड्यावरून लगेच कळते.

ओएनटीवर तीन वेगवेगळ्या जोडण्या नोंदलेल्या होत्या: एक इंटरनेटची, एक दूरध्वनीची आणि एक कंपनीच्या दूरस्थ देखभालीची. केबलचालकांच्या तंत्रज्ञाने त्यांतील इंटरनेटची जोडणी तेवढी ब्रिजवर नेली आणि पहिल्या लॅन पोर्टशी बांधली. बाकी दोहोंना हात लावला नाही. घाईत तिन्ही पुसल्या जातात आणि मग कार्यालयाचा फोन बंद पडतो, असे प्रकार होतात. ओएनटीचे वायफाय आणि डीएचसीपी (आतल्या उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद केले. व्हीलॅनचा शिक्का ओएनटी स्वतः मारत असल्यामुळे नव्या राउटरवर व्हीलॅन भरायचा नव्हता. दोन्ही ठिकाणी शिक्का मारला तर सर्व्हरकडून काहीच उत्तर येत नाही आणि राउटरच्या नोंदीत नुसते ‘समोरून प्रतिसाद नाही’ असे दिसत राहते.

नव्या राउटरच्या आतल्या बाजूला १९२.१६८.५० ने सुरू होणारा गट ठेवला. ओएनटीचे स्वतःचे पान अजूनही १९२.१६८.१.१ वर असल्याने दोघांचे गट वेगळे राहणे सोयीचे होते. खरेदी केंद्राच्या राउटरला त्याच हेतूने १९२.१६८.६० हा गट दिला, कारण दोन टोकांना एकच गट असेल तर त्यांच्यात बोगदा (इंटरनेटमधून जाणारी खासगी जोडणी) जोडला तरी पाकीट (माहितीचा तुकडा) कोणत्या बाजूला जावे हे राउटरला ठरवता येत नाही.

यानंतर राउटरने सत्र जोडायचा प्रयत्न केला तेव्हा ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असा संदेश आला. पासवर्ड बरोबर होता. एका खात्यावर एकाच सत्राला परवानगी असते, आणि ओएनटीचे जुने सत्र व्यवस्थित बंद न होता तुटले असेल तर सर्व्हर काही वेळ ते जिवंतच समजतो. पासवर्ड चुकला तरी, सत्र अडकले तरी आणि खाते जुन्या मॅक पत्त्याशी बांधलेले असले तरी पुष्कळ वेळा संदेश एकच दिसतो. त्यामुळे लोक पासवर्ड बदलत बसतात आणि गुंता वाढतो. येथे थोडा वेळ थांबून, कंपनीकडून जुना मॅक पत्ता पुसून घेतल्यावर सत्र जोडले गेले आणि राउटरच्या बाहेरच्या बाजूला थेट २०३.०.११३.४६ आला. गेटवे म्हणून भलताच, वेगळ्याच गटातला पत्ता दिसत होता, त्यावर दिवाणजींनी शंका काढली. पीपीपीओईमध्ये समोरच्या टोकाचा पत्ता आपल्या गटातला असण्याची गरज नसते, त्यामुळे त्यात चूक काही नव्हती.

अर्धी उघडणारी पाने

इंटरनेट सुरू झाले, पण काही संकेतस्थळे सुरळीत उघडत आणि काही निम्म्यावर अडकत. ईमेल जाई, मात्र जोडलेली मोठी फाइल जात नसे. अशा वेळी ‘कंपनीचे नेट स्लो आहे’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. कारण वेगळे होते. इथरनेटच्या एका पाकिटात १५०० बाइट मावतात. पीपीपीओई त्यातील ८ बाइट स्वतःच्या वेष्टनासाठी घेते, म्हणून आतल्या मजकुराला १४९२ उरतात. नव्या राउटरवर आधी हाताने केलेल्या मांडणीतला १५०० हा आकडा तसाच राहिला होता. लहान पाकिटे पार होत आणि मोठी वाटेत गळत.

तपासणी सोपी आहे. पाकीट तोडू नये अशी सूचना देऊन १४६४ बाइटचे पिंग (उत्तर येते का हे पाहणारे चाचणीचे पाकीट) पाठवले तर ते जाते, कारण त्यात २८ बाइटची शीर्षके मिळवली की बरोबर १४९२ होतात. १४६५ चे मात्र अडते. एमटीयू (एका पाकिटाची कमाल मर्यादा) १४९२ केला, टीसीपीच्या (पाने आणि ईमेल ज्या पद्धतीने जातात तिच्या) तुकड्याची मर्यादा १४५२ वर बांधून घेतली, आणि अडकणारी पाने उघडू लागली.

दार किती उघडायचे

सार्वजनिक पत्ता मिळाल्यानंतर काही मिनिटांतच राउटरच्या नोंदीत अनोळखी पत्त्यांवरून चाचपणी दिसू लागली. यात कोणी या जिनिंगवर डोळा ठेवून होते असे नव्हे. इंटरनेटवरील प्रत्येक सार्वजनिक पत्ता यंत्रे सतत चाचपत असतात. पण संचालकांची मूळ मागणी कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरचे आणि संगणकाच्या दूरस्थ पडद्याचे पोर्ट (जोडणी आत येण्याची क्रमांकित दारे) थेट बाहेर उघडून देण्याची होती, आणि तिला मी स्पष्ट विरोध केला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. येथे तर ज्या संगणकावर शेतकऱ्यांच्या पैशांचा हिशेब आहे तोच उघड्यावर पडणार होता. एका सकाळी तो हिशेब घुसखोराने कुलूपबंद केलेला सापडला, तर त्या दिवशी फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांना कोणीच उत्तर देऊ शकले नसते.

म्हणून राउटरवर वायरगार्ड पद्धतीचा व्हीपीएन (किल्ली असणाऱ्यांनाच आत घेणारा खासगी बोगदा) उभारला. त्यासाठी यूडीपीचा एकच पोर्ट उघडला. योग्य किल्ली नसलेल्या पाकिटाला ही पद्धत उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपणाऱ्याला तेथे काही आहे हेही कळत नाही. खरेदी केंद्राच्या सिमवर चालणाऱ्या राउटरला सार्वजनिक पत्ता नाही, पण त्याची गरजही नाही. दोन टोकांपैकी एकाचा पत्ता स्थिर असला की दुसरे टोक स्वतःहून त्याला जोडून घेते. सिमच्या बाजूने दर २५ सेकंदांनी एक छोटे पाकीट जात राहील अशी व्यवस्था केली, नाहीतर मोबाइल कंपनीच्या बाजूची वाट काही वेळाने मिटते. म्हणूनच दुसऱ्या केंद्रासाठी वेगळा स्टॅटिक आयपी घेण्याचा खर्च टळला.

हिशेब तपासनीसांच्या लॅपटॉपला आणि संचालकांच्या मोबाइलला वेगवेगळ्या किल्ल्या दिल्या. तपासनीसांना फक्त हिशेबाच्या संगणकापर्यंत आणि संचालकांना फक्त रेकॉर्डरपर्यंत जाता येईल असे नियम लावले. त्या दोन्ही उपकरणांचे आतले पत्ते राउटरवर राखून ठेवले, कारण ते बदलले तर नियमही निकामी होतात. राउटरचे नियंत्रण-पान बाहेरून बंद केले, उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी यूपीएनपी सोय बंद केली आणि कारखान्यातले सर्व पासवर्ड बदलले. कंपनी त्याच सत्रावर आयपीची सहावी आवृत्तीही देत होती. तिच्यात पत्त्याचे भाषांतर नसते आणि आतली उपकरणे बाहेरून थेट गाठता येऊ शकतात, म्हणून तिच्यासाठी फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारी सोय) वेगळी चालू आहे याची खात्री करून घेतली.

वीज, ऊन आणि रुईची धूळ

ही बाजू वैदर्भीय जिनिंगमध्ये कोणत्याही मांडणीइतकीच महत्त्वाची आहे. मोठ्या मोटारी सुरू होताना विजेचा दाब खाली जातो आणि राउटर पुन्हा सुरू होतो. ओएनटी आणि राउटर दोन्ही १२ व्होल्टवर चालणारे असल्याने त्यांना एक छोटा स्वतंत्र यूपीएस दिला. आधी ते प्रेसच्या भिंतीवर होते. तेथे हवेत उडणारी रुई जाळीत अडकते आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उपकरण तापून बंद पडते, म्हणून दोन्ही कार्यालयात हलवले.

काटाघर कार्यालयापासून शंभर मीटरपेक्षा लांब आहे आणि तांब्याच्या लॅन केबलची मर्यादा तेवढीच. शिवाय उघड्या आवारातून गेलेली तांब्याची तार वीज कडाडली की दोन्ही टोकांची उपकरणे जाळते. तेथे फायबर टाकून दोन बाजूंना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचे आणि विजेचे संकेत एकमेकांत बदलणाऱ्या पेट्या) लावले. काच वीज वाहून नेत नाही.

त्यानंतर

खरेदी केंद्राची नोंद आता थेट मुख्य संगणकात होते आणि रात्रीचे टाइपिंग थांबले आहे. हंगामाच्या मध्यात एका सकाळी केंद्रातील प्रोग्राम उघडेना. दिवाणजींकडे एका वहीत खात्याचे नाव, व्हीलॅन, प्रकाशाची पातळी, एमटीयू आणि प्रत्येक किल्ली कोणाची हे लिहून ठेवलेले आहे, आणि तपासणीची पहिली ओळ ‘राउटरच्या बाहेरच्या बाजूला कोणता पत्ता आहे ते पाहा’ ही आहे. तेथे पुन्हा १००.७२ ने सुरू होणारा पत्ता होता. आदल्या दिवशी प्लॅन बदलला गेला होता आणि नव्या प्लॅनसोबत स्टॅटिक आयपीची नोंद खात्यावर आली नव्हती. दिवाणजींनी राउटरला हात न लावता त्या पानाचा फोटो पाठवून तक्रार केली, कंपनीने नोंद दुरुस्त केली, आणि सत्र पुन्हा जोडल्यावर काम सुरू झाले.

एक बाब अद्याप बाकी आहे. फायबर तुटल्यास राउटर आपोआप सिमवर जातो आणि जिनिंगमधून बाहेर इंटरनेट चालते, पण सिमला सार्वजनिक पत्ता नसल्यामुळे त्या काळात खरेदी केंद्र आत येऊ शकत नाही. यावर उपाय म्हणजे भाड्याचा एक छोटा सर्व्हर मध्यभागी ठेवून दोन्ही टोकांनी त्याला जोडून घेणे. तसे केल्यास स्टॅटिक आयपीवरचे अवलंबन कमी होईल, पण दरमहा खर्च वाढेल आणि सांभाळायला आणखी एक यंत्र येईल. संचालक मंडळाने हा निर्णय हंगाम संपेपर्यंत पुढे ठेवला आहे, आणि तोवर अशा खंडात केंद्रातील पट्ट्या कागदावर लिहून जोडणी आल्यावर त्याच दिवशी भरण्याचे ठरले आहे.